जॉर्ज स्लेटर, वय एकतीस

— तिथे नको गं, ह्या खुर्चीत बस. खिडकीकडे पाठ करून. समोरून उजेड आला की पाण्याची तिरीप डोळ्यांवर येते आणि जुनं अक्षर काही केल्या लागत नाही — शंभर माणसं बसवलीत मी ह्या खुर्चीत, मला ठाऊक. हां, अशी. कोट राहू दे अंगावर, शेगडी आत्ताच लावलीय. हे पूर्वी जाळी ठेवायचं गोदाम होतं, भिंतींतली ओल काही जात नाही. आता ह्याला गावाचा दप्तरखाना म्हणायचं — म्हणजे मी म्हणते, बाकीचे ‘इस्बेलची खोली’ म्हणतात. तर काय सांगत होतीस — वडील गेले पुढे? म्हातारीच्या खडकाकडे? मी पत्रात लिहिलं होतं तसेच, बाराच्या ठोक्याला निघाले? बरं केलं. अगं, घाबरायचं काय त्यात, ओहोटीला दगडांची वाट सगळी उघडी पडते, आमच्या इथल्या बायका पाठीवर टोपल्या घेऊन जायच्या त्या वाटेने, गळाला लावायच्या शिंपल्या काढायला. काठी आहे ना हातात? मग झालं. गुडघा दुखतो तर सावकाश जातील, सावकाश येतील. बाहत्तर वर्षांचा माणूस नोव्हा स्कोशियाहून समुद्र ओलांडून येतो, आपल्या वाडवडिलांची नावं खडकावर कोरलेली आहेत ती एकदा हाताने चाचपायला — त्याला आपण अडवायचं का? नाही ना. चहा घे. आणि ही बटरी खा, आमच्याकडचा पाव आहे, लोणी नि मीठ, एक खाल्लीस तर संध्याकाळपर्यंत भूक लागायची नाही. बारा वाजून वीस झाले. वेळ आहे आपल्याला.

हां, तर तुमचा जॉर्ज स्लेटर. पण कुठला जॉर्ज स्लेटर, ते सांग आधी! हसू नकोस, पोर्टहार्गमध्ये येऊन जॉर्ज स्लेटर कुठला म्हणून विचारणं म्हणजे मेंढ्यांच्या कळपात शिरून पांढरी मेंढी कुठली म्हणून विचारण्यासारखं आहे. अठराशे साठ साली ह्या गावात चूल पेटायची ती सत्तर घरांत, त्यांतली त्रेचाळीस घरं स्लेटरांची, आणि त्या त्रेचाळिसांत अकरा जॉर्ज. अकरा! कसे काय? तर रीत. पहिला मुलगा झाला की त्याला आजोबांचं नाव, बापाच्या बापाचं. दुसऱ्याला आईच्या बापाचं. तिसऱ्याला बापाचं. आता एका म्हाताऱ्या जॉर्ज स्लेटरला पाच मुलगे झाले, पाचही जणांनी लग्नं केली, पाचही जणांना पहिला मुलगाच झाला — झाले की नाही पाच चुलतभाऊ, पाचही जॉर्ज स्लेटर, वयाने वर्षादोनवर्षांच्या फरकाचे, एकाच गल्लीत वाढलेले? मुलगा मेला तर पुढच्याला तेच नाव पुन्हा. नाव जमिनीवर पडू द्यायचं नाही. मुलींचंही तेच — थांब, तू नाव सांगू नकोस, मीच सांगते. थोरली की धाकटी? धाकटी. म्हणजे वडिलांच्या आईचं. युफेमिया! एफी म्हणतात ना घरी? बघ, कसं बरोबर ओळखलं. तुम्ही लोक समुद्र ओलांडून गेलात, बर्फात घरं बांधलीत, पण रीत नाही सोडलीत. मला फार बरं वाटतं अशी माणसं भेटली की. आणि भाऊ? — भाऊ नाही. हो, वडिलांनी लिहिलं होतं. म्हणजे तुमच्याकडचे जॉर्ज स्लेटर वडील हेच शेवटचे. नाही, सहज म्हटलं.

तर एवढे जॉर्ज, ओळखायचे कसे? टोपणनावाने. प्रत्येक घराला एक टोपणनाव, बापाकडून मुलाकडे आलेलं. हा बोसी, तो शेवी, तो पम, तो डंपी. का, कशावरून, कुणाला ठाऊक नाही. माझ्या नवऱ्याच्या घराण्याचं बोसी, आणि त्याच्या आजीलाही माहीत नव्हतं बोसी म्हणजे काय. होडीवर हेच नाव, बाजारात हेच नाव, टपाल आणणारा पाकिटावर हेच बघायचा. फक्त चर्चमध्ये चालायचं नाही. त्या वेळचे पाळक मोठे कडक — त्यांना वाटायचं ही टोपणनावं म्हणजे देवाने दिलेल्या नावावर चिखल. म्हणून बाप्तिस्म्याच्या वहीत, लग्नाच्या वहीत, मयताच्या वहीत, सगळीकडे नुसतं जॉर्ज स्लेटर, जॉर्ज स्लेटर, जॉर्ज स्लेटर. एका माळेचे मणी. बाहेरून माणसं येतात, कॉम्प्युटरवर बघून, कागदांचे गठ्ठे घेऊन — ‘आमचे पणजोबा सापडले!’ — कसले सापडतायत, दुसऱ्याचे पणजोबा उचलून घेऊन जातात घरी, फ्रेम करून लावतात. मी काही बोलत नाही. कोण वाईटपणा घेईल. पण खरं काय ते ह्या निळ्या वहीत आहे. ही माझ्या सासूने लिहायला घेतली, म्हाताऱ्या बायकांना विचारून विचारून, आणि मी पुढे नेली. कुठला जॉर्ज म्हणजे कोण, कुठल्या सालचा, काय झालं त्याचं. ही वही मी कुणाच्या हातात देत नाही. तुलाही नाही देणार. वाचून दाखवेन.

वडिलांनी विचारलं होतं एवढंच, की अठराशे त्रेसष्टला म्हातारीच्या खडकावर होडी फुटली तेव्हा त्यांचा जॉर्ज बुडाला का वाचला. बरोबर? घरात दोन्ही गोष्टी सांगतात म्हणे. आता हे बघ — ही चर्चच्या पंचमंडळाची वही. तेव्हा कुणी कुणाशी भांडलं, कुणी रविवारी जाळं टाकलं, कुणाला लग्नाआधी मूल झालं, सगळ्याचा निवाडा ही मंडळी करायची. पान एकशे चार. होडीवर पाच जण, त्यांत दोन चुलतभाऊ, दोघं जॉर्ज स्लेटर, दोघं तेविशीतले. होडी फुटली ती गावासमोर, दिवसाढवळ्या, सगळं गाव किनाऱ्यावर उभं. आणि कुणी हललं नाही. — का म्हणजे? अगं, आमच्यात नव्हतीच ती पद्धत. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना, आमच्या गावात ती काडी कुणी देत नसे. समुद्राने तोंडात घेतलेला घास काढायचा नाही. काढलास तर समुद्र आपला घास सोडत नाही, काढणाऱ्याला नेतो, नाहीतर त्याच्या घरातला दुसरा नेतो, आज नाहीतर उद्या. तुला रानटी वाटत असेल. पण ज्यांची पोरं रोज त्या पाण्यावर जातात त्यांनी त्या पाण्याशी भांडण कसं काढायचं, सांग. तर सगळे उभे राहिले, टोप्या काढून. आणि एक बाई मात्र शिरली पाण्यात. छातीएवढ्या पाण्यात, घागऱ्यासकट. एका जॉर्जची आई, मार्गेट तिचं नाव. तिने केस धरून आपला मुलगा ओढला. आणि ओढला तर येईना, कारण दुसऱ्या जॉर्जने त्याचा पाय धरला होता. म्हणजे तोही वाचायलाच बघत होता ना, तेवीस वर्षांचा पोरगा, घरी बायको, तिला सातवा महिना. तर मार्गेटने काय केलं? हे ऐक, हे पंचांनी लिहिलंय, कारण त्या बायकोने नंतर फिर्याद केली — ‘मार्गेट हिने जॉर्ज स्लेटरचा हात जॉर्ज स्लेटरच्या पायावरून सोडवला.’ सोडवला! एकेक बोट उलटं करून सोडवला असणार, बुडत्याची मूठ अशी उघडत नाही. वाच आता, शिकली-सवरलेली आहेस, सांग — कुठला मेला आणि कुठला वाचला? नाही सांगता येत. दीडशे वर्षं कुणाला सांगता आलं नाही.

निळ्या वहीत आहे. वाचला तो बोसी. बुडाला तो शेवी. तुम्ही शेवी.

म्हणजे तुमचा गेला, एफी. ती फिर्याद करणारी पोरवयाची विधवा, ती तुमची. पंचांनी तिला म्हटलं, देवाची इच्छा. तिने मूल होऊ दिलं, गेलेल्या बापाचंच जॉर्ज नाव ठेवलं, आणि पुढच्याच उन्हाळ्यात बोचकं बांधून जहाजात बसली. ह्या गावाचं तोंड पुन्हा पाहिलं नाही तिने. — हो, बोसी माझ्या नवऱ्याचे. मार्गेट आमची. लपवायचं काय त्यात? तू रडतेयस का? रड हो, रडावं. मला कधीकधी वाटतं, मी तिथे असते तर काय केलं असतं — आणि मला माहीत आहे काय केलं असतं. माझ्याही हाताला जोर होता तरुणपणी.

बारा चाळीस. थांब गं, कुठे निघालीस, आत्ता तर कुठे गोष्ट सुरू झालीय! येतील ते. मोबाइल नाही लागायचा, इथे कड्याच्या आडोशाला कुणाचाच लागत नाही. बस. आणि ते दारही ओलीने फुगलंय, खांद्याने ढकलावं लागतं, तुझ्याने उघडायचं नाही. तुला पुढचं नको का कळायला? वडिलांना तर हवं होतं. मी त्यांना विचारलं, तुमच्याकडचे पुरुष कितव्या वर्षी गेले ते कळवा, तर बिचाऱ्यांनी सगळी वयं कळवली, एक्क्याऐंशी, शहात्तर, अठ्ठ्याऐंशी, सगळे बिछान्यात, सगळ्यांच्या उशाशी नातवंडं. वाचताना मला — खरं सांगू, मला हेवा वाटला. आता आमचे ऐक. ज्याला मार्गेटने काढला तो, अठराशे एकाहत्तर, होडी उलटली, वय एकतीस. त्याचा मुलगा, अठराशे सत्त्याण्णव, वय एकतीस. त्याचा मुलगा, एकोणीसशे चोवीस, जाळ्याच्या दोरात पाय अडकून गेला, वय एकतीस. त्याचा मुलगा म्हणजे माझा सासरा, एकोणीसशे त्रेपन्न, समुद्र आरशासारखा होता त्या दिवशी, वारा नाही, धुकं नाही, नुसता होडीच्या कडेवर बसला होता नि मागच्या मागे पाण्यात गेला — एकतीस. सगळे जॉर्ज स्लेटर. योगायोग म्हणशील. माझी सासू पण आधी योगायोग म्हणायची. तिने वही लिहायला घेतली ती पुढची पाळी कधी येते ते बघायलाच, असं मला म्हणाली मरताना. नवरा गेला तेव्हा तिचं पोर दोन वर्षांचं होतं. त्याचं नाव बदल म्हणून किती जणांनी सांगितलं तिला. पण नाव कसं बदलणार? वडिलांचं नाव जमिनीवर पाडायचं? आणि मग मी ह्या घरात आले लग्न करून, त्याच पोराशी, आणि पहिल्याच वर्षी सासूने वही पुढे ठेवली. म्हणाली, बघ बाई, तुला पाच वर्षं आहेत.

पण माझा गेला नाही! माझा जॉर्ज बिछान्यात गेला, सहा वर्षांपूर्वी, अडुसष्टाव्या वर्षी, छातीच्या दुखण्याने, माझा हात धरून. पाच पिढ्यांत पहिला. कसा? — तो न्यूझीलंडवाला आला ना त्या वर्षी. ब्याऐंशी साल. डनेडिनचा, तोही पूर्वज शोधायला आलेला, तोही जॉर्ज स्लेटर, पमांच्या घराण्यातला, लाल चेहऱ्याचा, हसरा, सासूने त्याला सूप वाढलं, धुरी दिलेल्या माशाचं, दोन वाडगी प्यायला. खडकावरची नावं बघायला गेला, फोटो काढले, आणि मग गेला आपल्या देशी. चांगला माणूस होता. दर नाताळला मी त्याच्या थडग्यावर...

हं?

थडगं म्हणाले का मी? हो. बरं. इथेच आहे तो, चर्चच्या मागे. देशी नाही गेला. म्हणायची सवय लागलीय, लोक विचारतात म्हणून. दगडावर नुसतं जॉर्ज स्लेटर लिहिलंय — आमच्याच दगडांसारखं, वेगळा ओळखूसुद्धा येत नाही. मी तेव्हा काही केलं नाही, एफी, अगदी शपथेवर सांगते. मी वर अंगणात चादरी वाळत घालत होते. भरती आली होती, वाट गेली होती, आणि तो खडकावर उभा राहून हात हलवत होता. मला वाटलं ओळख देतोय. मीही हात हलवला. मग तो दोन्ही हात हलवायला लागला, आणि मीही... मी चादरींना चिमटे लावले. सगळ्या चादरी घातल्या. त्याच दिवशी माझा जॉर्ज बाहेर होता, एकतीस वर्षांचा, उत्तरेचं वारं सुटलेलं, इंजिन बंद पडलेलं, होडी कलंडायला आलेली, तिघं जण देवाचं नाव घेत बसलेले. अडीच वाजता इंजिन आपसूक चालू झालं. आपसूक! कुणी हात लावला नाही त्याला. आणि अडीच वाजता मी वळून बघितलं तर खडकावर कुणी नव्हतं. सासू दारात उभी होती. आत जाऊन तिने वहीत लिहिलं — जॉर्ज स्लेटर, ब्याऐंशी, आणि वयाच्या जागी रेघ मारली. तेव्हा मला कळलं. समुद्राला टोपणनावं ठाऊक नाहीत गं. चर्चसारखाच तो. त्याला एक जॉर्ज स्लेटर पाहिजे, नाव तेवढं बरोबर पाहिजे. बोसी का शेवी का पम, हे सगळे आपले माणसांचे लाड.

ते कशाला बघतेस? ते भरती-ओहोटीचं वेळापत्रक आहे, जुनं आहे, मागल्या वर्षीचं. — नाही. ह्या वर्षीचंच आहे. वाच, तुला वाचता येतंय. ओहोटी आज सव्वाअकराला. मी पत्रात ओहोटी एक वाजता लिहिली होती. साडेबाराला वाट बुडते, आणि मग पाणी असं भराभर चढतं, की घोडा पळवला तरी माणूस परत येत नाही. तुझ्या वडिलांना मी आठ पत्रं लिहिली. काय गोड माणूस आहे. सहाव्या पत्रात मला वाटलं, नको, लिहून टाकावं की खडक बंद केलाय, येऊ नका. पाकीटसुद्धा केलं होतं. मग जॉर्डी आला घरी, ओलाचिंब, शेवंडांचे पिंजरे टाकून, चुलीपाशी मोजे वाळत घालत शीळ वाजवत बसला. जॉर्डी म्हणजे माझा मुलगा, जॉर्जच, घरात जॉर्डी. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेला, एकटा. येत्या रविवारी बत्तीस पुरी होतील त्याला. रविवारी! आज मंगळवार. मी ते पाकीट चुलीत टाकलं.

ओरडू नकोस. ओरडून ऐकू जात नाही, वारा तिकडून इकडे आहे. मला सांग, तुझे वडील बाहत्तर वर्षांचे, जगून झालंय, नातवंडं झाली, बर्फ बघितला, समुद्र बघितला. माझा एकतीस. तू आई आहेस का? आहेस ना. मग तू माझ्या खुर्चीत बस आणि सांग मला, कुठली बोटं सोडवशील. मला माहीत आहे तुमच्याकडून एक आधीच गेलाय. माहीत आहे गं! त्याचं मला रोज वाईट वाटतं. आमच्यामुळे गेला, आणि आता हाही आमच्यामुळे. न्याय नाही ह्याच्यात, मी कुठे म्हणतेय न्याय आहे. मी गेली पाच वर्षं झोपले नाही नीट. जॉर्डीला सांगितलं, समुद्रावर जाऊ नकोस रे वर्षभर, शहरात जा, काहीही कर. हसतो. म्हणतो, आई, तुझ्या त्या वह्या एक दिवस जाळून टाकेन मी. त्याचा विश्वासच नाही. बापासारखा धीट, आणि मनाने मात्र — परवा एक कुत्रं पडलं धक्क्यावरून तर उडी मारली त्याने. कुत्र्यासाठी! मी किती रागावले. म्हटलं, पाण्यातलं काही काढत जाऊ नकोस, तुला कितीदा सांगायचं. तर मला म्हणतो, मग काय टोपी काढून उभा राहू?

पण आज तो लांब आहे. मी सकाळी विचारून घेतलं — आज पिंजरे उत्तरेच्या टोकाला, चार वाजेपर्यंत यायचा नाही. इथून दिसतही नाही तिकडचं. तो यायच्या आत सगळं...

खिडकीशी नको जाऊस. म्हटलं ना, नको बघूस, काय मिळणार बघून — हो, तेच ते. काठी हलवतायत. पाणी गुडघ्याला आलंय. तुझ्या वडिलांचा तो लाल मफलर काय? मी हात हलवत नाही ह्या खेपेला, बघ, हात मांडीवर ठेवलेत मी.

ती कुठली होडी?

निळी आहे ती? मला चष्मा — दे तो चष्मा इकडे. निळी, आणि पुढे पांढरा पट्टा. नाही, त्याची नाही. त्याची चारला येणार. कितीतरी निळ्या होड्या असतात, फिंडलेची पण निळीच — फिंडलेची विकली गेली गेल्या वर्षी. धक्क्याकडे वळतेय ना? वळ रे. वळ. घरी ये सरळ, चहा ठेवलाय मी, आज लवकर आलास तर लवकर, ये. धक्का डावीकडे आहे रे! — वळत नाहीये. खडकाकडे चाललीय. त्याने बघितलं. त्याने तुझ्या वडिलांना बघितलं, एफी, माझ्या पोराने बघितलं. तो बघणारच, तो टोपी काढून उभा राहणाऱ्यांतला नाही, मीच असा वाढवला त्याला, मीच! जॉर्डी! अरे राहू दे त्यांना! राहू दे, ते जॉर्ज आहेत, त्यांचंही नाव जॉर्जच आहे, चालतं तेही! — पुढे जाऊ नको, तिथे पाण्याखाली दात आहेत खडकाला, तुझ्या बापाने दाखवले होते ना तुला...

उभा राहिला. दोर घेतला हातात.

पोरी, जा. जा, धाव! दार उघडं आहे, फुगलंबिगलं काही नाही, मी खोटं बोलले, नुसतं ढकल. धक्क्याच्या टोकाला जा आणि वडिलांना ओरडून सांग, तू सांगितलंस तर ऐकतील ते, शहाणे आहेत, पत्रांत किती शहाण्यासारखं लिहायचे — त्यांना म्हणावं दोर धरू नका. कळलं? आमच्या जॉर्डीचा दोर धरू नका म्हणावं. रडू नकोस, धाव! एवढं एकच सांग, दोर धरू नका म्हणावं!

पडला, दोर पाण्यात पडला. लांब पडला, देवा, लांबच राहू दे. पुन्हा गुंडाळतोय. अरे एकदा टाकलास ना, झालं ना तुझं, आता जा रे घरी. पुन्हा टाकला.

धरला.